सकाळी सुरू, दुपारी बंद : जुन्या मोटरसायकलचा लहरी सेल्फ कसा पकडावा

पंधरा वर्षे वापरलेली पल्सर, डिस्कव्हर किंवा युनिकॉर्न ज्यांच्या दारात उभी आहे, त्यांच्याकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. आधी बॅटरी नवी टाकली. पुढच्या महिन्यात प्लग बदलला. मग कोणीतरी सांगितले म्हणून सीडीआय (प्लगची ठिणगी घडवणारा डबा) बदलला. तरीही गाडी चार दिवस एका बटणावर सुरू होते आणि पाचव्या दिवशी पेट्रोल पंपावर, मागे रांग लागलेली असताना, नुसती ‘टक’ करून गप्प बसते. घाम गाळत गॅरेजपर्यंत ढकलत न्यावी, तर डॉक्टरांच्या दारात ताप उतरावा तशी तिथे पहिल्याच बटणाला सुरू. मेकॅनिक तुमच्याकडे पाहतो, तुम्ही गाडीकडे.

जळालेला पार्ट सहसा लहरीपणा करत नाही. तो कायमचा बंद पडतो. अधूनमधून दगा देणारी गाडी बहुतेक वेळा वेगळेच काही सांगत असते : कुठेतरी जोड कच्चा झाला आहे, स्विचच्या पट्टीवर काजळी चढली आहे, किंवा वायरीची तार आतल्या आत तुटून वरच्या आवरणाने धरून ठेवली आहे. हादरा, उष्णता किंवा ओल यांपैकी एखादे कारण मिळाले की हा जोड सुटतो आणि थोड्या वेळाने पुन्हा लागतो. म्हणूनच तपासणीची वेळ महत्त्वाची. गाडी सुरू होत असताना केलेली मोजमापे फारशी उपयोगाची नसतात. ती रुसलेली असतानाच मीटर लावायला हवा.

आधी ठरवा : नेमके काय होत नाही?

‘गाडी स्टार्ट होत नाही’ या एका वाक्यात चार वेगवेगळे आजार दडलेले असतात.

- चावी फिरवूनही काहीच लागत नाही : न्यूट्रलचा दिवा नाही, हॉर्न नाही.
- दिवे-हॉर्न ठीक, पण बटण दाबल्यावर सेल्फ फिरत नाही.
- सेल्फ इंजिन फिरवतो, पण इंजिन पेटत नाही.
- सेल्फची मोटर भर्रकन फिरते, पण इंजिन जागचे हलत नाही.

चौथा प्रकार वायरिंगचा नाहीच. तिथे सेल्फचा वन-वे क्लच घसरतो आहे. मीटर बाजूला ठेवून थेट मेकॅनिककडे जा. उरलेल्या तिघांत घोटाळा करू नका. पहिल्या दोन प्रकारांत प्लग बदलून काडीचाही फरक पडत नाही, आणि तिसऱ्यात सेल्फची मोटर उघडणे म्हणजे निव्वळ मजुरीचा खर्च.

एक छोटी वही किंवा मोबाइलमधली नोंद ठेवा. गाडी कधी रुसली : थंड असताना की लांबवर चालवून आल्यावर? धुतल्यानंतर? पावसात? हँडल कोणत्या बाजूला वळलेले होते? गिअरमध्ये होती की न्यूट्रलमध्ये? अशा दहा-बारा नोंदींतून बिघाडाचा माग बराचसा लागतो. ‘गरम झाल्यावरच बंद’ ही नोंद असेल तर संशय कॉइल, पिकअप कॉइल आणि सीडीआयवर जातो. ‘धुतल्यावरच बंद’ असेल तर प्लग कॅप आणि कनेक्टरवर.

बटण दाबताना दिव्याकडे पाहा

रस्त्यावर, एकही हत्यार हातात नसताना करता येणारी ही सर्वांत उपयोगी तपासणी आहे. मात्र हेडलाइटवर विसंबू नका. जुन्या अनेक १०० ते १५० सीसी गाड्यांत हेडलाइटला सप्लाय थेट मॅग्नेटो कॉइलमधून मिळतो, त्यामुळे इंजिन बंद असताना तो लागतच नाही. आणि लागला तरी बॅटरीबद्दल काहीच सांगत नाही. न्यूट्रलचा हिरवा दिवा, ब्रेक लाइट किंवा हॉर्न पाहा. हे बॅटरीवर चालतात.

- दिवा मंद होतो आणि ‘टक-टक-टक’ आवाज येतो : बॅटरी उतरलेली आहे किंवा तिचा टर्मिनल सैल आहे. सेल्फचा रिले ओढला जातो, व्होल्टेज कोसळते, रिले सुटतो, पुन्हा ओढला जातो.
- दिवा पूर्ण विझतो आणि टर्मिनल हलवेपर्यंत परत येत नाही : बॅटरीचा टर्मिनल, मुख्य फ्यूज किंवा अर्थिंगचा जोड. हा सापडायला सर्वांत सोपा.
- एकच ‘टक’, दिवा जवळपास तसाच : रिले काम करतो, पण त्याच्या आतले संपर्क जळाले आहेत, जाड केबलचा जोड खराब आहे किंवा मोटरचे कार्बन ब्रश झिजले आहेत.
- दिवा तसाच, आवाज काहीच नाही : रिलेपर्यंत हुकूमच पोचत नाही. बटण, क्लच स्विच, न्यूट्रल स्विच, किल स्विच किंवा रिलेची स्वतःची कॉइल.

कार्बन ब्रशच्या संशयाची खात्री करायची एक जुनी गॅरेजी युक्ती आहे : दुसऱ्याला बटण दाबायला सांगा आणि मोटरच्या बाहेरच्या भागावर लाकडी मुठीने हलकेच ठोका. मोटर फिरली तर ब्रश टेकत नव्हते. हातोडीने मात्र ठोकू नका.

बॅटरी नवी आहे म्हणून निर्दोष नाही

बारा व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण चार्ज झालेली असेल तर, गाडी काही तास बंद उभी राहिल्यावर, मीटरवर १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली. १२.० च्या आसपास आली की ती कामापुरती संपलीच म्हणा, मग तिच्यावर कालचीच तारीख का असेना.

खरी परीक्षा बटण दाबताना. सेल्फ फिरत असताना बॅटरीच्या दोन टोकांवरचे व्होल्टेज ९.५ ते १० च्या खाली जाऊ नये. बसलेली बॅटरी उभ्या-उभ्या १२.५ दाखवते आणि बटण दाबताच ७ वर कोसळते. अनेकांची फसवणूक इथेच होते. गाडी सुरू झाल्यावर इंजिनचा वेग वाढवून पुन्हा मोजा. साडेतेरा ते साडेचौदाच्या आसपास आकडा आला तर चार्जिंग ठीक. तो १३ च्या खालीच रेंगाळत असेल तर बॅटरी भरतच नाही. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर-रेक्टिफायर बॅटरी उकळवतो आहे. या दोन्ही स्थितींत नवी बॅटरी टाकणे म्हणजे तिलाही त्याच वाटेने पाठवणे.

पाणी भरायची बॅटरी असेल तर पातळी वरच्या आणि खालच्या खुणेच्या मध्ये ठेवा, आणि डिस्टिल्ड वॉटरच वापरा. नागपूर-चंद्रपूरकडच्या उन्हाळ्यात ही पातळी पावसाळ्यापेक्षा लवकर उतरते.

वरचे सगळे आकडे १२ व्होल्टच्या गाड्यांसाठी आहेत. जुन्या जावा किंवा राजदूतसारख्या ६ व्होल्टच्या गाडीला ते लावू नका, आणि तिला १२ व्होल्टची बॅटरी जोडण्याचा मोह तर मुळीच नको.

मीटरची टोके कुठे टेकवायची

काहीशे रुपयांत मिळणारा साधा डिजिटल मल्टिमीटर या कामाला पुरतो. पण तो कसा वापरायचा, यावर सगळे अवलंबून आहे. बहुतेक जण वायरीचे दोन्ही शेवट पकडून ‘कंटिन्युइटी’ची पीप ऐकतात आणि वायर चांगली ठरवतात. अनेक तारांपैकी एकच तार शिल्लक असली तरी मीटर पीप देतो. त्या एका तारेतून मीटरचा नगण्य करंट जातो. सेल्फचा जात नाही.

हिशेब साधा आहे. एखाद्या गंजलेल्या जोडात ०.२ ओहमचा अडथळा आला, असे समजा. बॅटरीवर चालणारा ३५ वॅटचा हेडलाइट सुमारे ३ अँपिअर घेतो, म्हणजे त्या जोडात ०.६ व्होल्ट वाया जातात. दिवा लागलेला दिसतो, तुमचा संशय मिटतो. सेल्फ मात्र त्याच जोडातून ४० अँपिअर ओढायला गेला तर ८ व्होल्ट तिथेच खर्च व्हायला हवेत. मोटरला मिळणार काय? ‘दिवे तर झकास लागतात, मग सेल्फ का नाही?’ या सनातन प्रश्नाचे उत्तर एवढेच.

म्हणून मोजायचे ते भार असताना. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा आणि कोणीतरी बटण दाबत असताना पुढील क्रमाने जा :

1. एक टोक बॅटरीच्या धन खांबावर, दुसरे सेल्फच्या मोटरवर जाड केबल जिथे जोडली आहे त्या बोल्टवर. आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत हवा.
2. तो जास्त आला तर दुसरे टोक मागे-मागे सरकवा : रिलेच्या बाहेर जाणाऱ्या बोल्टवर, मग रिलेत येणाऱ्या बोल्टवर, मग बॅटरीच्या टर्मिनलवर. ज्या टप्प्यावर आकडा एकदम खाली येतो, त्याच्या लगेच आधीच्या तुकड्यात बिघाड आहे.
3. एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर, दुसरे इंजिनच्या स्वच्छ धातूवर. इथे ०.२-०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थिंगची केबल काढून दोन्ही टोके घासा.

यातली मेख लक्षात घ्या : टोक खांबावर म्हणजे बॅटरीच्या शिशाच्या खांबावरच टेकवा, त्यावर कसलेल्या वायरीच्या रिंगवर नाही. खांब आणि रिंग यांच्यामध्येच पांढरी-हिरवट पावडर जमते. रिंगवर मीटर टेकवला तर नेमका तोच जोड मोजमापातून निसटतो.

कोकण-गोव्याच्या किनारपट्टीवर, खाऱ्या हवेत, अर्थिंगचा बोल्ट हा पहिला संशयित. जिथे चासिसचा रंग खरवडून बोल्ट कसलेला असतो, तिथे गंज धरतोच. घासा, कसा आणि वरून व्हॅसलीनचा हात फिरवा. यात पैसे जवळपास लागत नाहीत, आणि लहरी गाड्यांचा मोठा वाटा इतक्यावरच सुधारतो.

बटण ते रिले : स्विचांची साखळी

बटण दाबूनही ‘टक’सुद्धा होत नसेल, तर साखळीतली कोणती कडी सुटते ते शोधायचे. गाडी न्यूट्रलमध्ये आहे. तरीही क्लच दाबून बटण दाबा. सेल्फ फिरला तर न्यूट्रल स्विच किंवा त्याची वायर दोषी. उलट, न्यूट्रलमध्ये चालतो पण गिअरमध्ये क्लच दाबूनही नाही, तर क्लचच्या लिव्हरखालचा छोटा स्विच पाहा. मडगार्डवरून उडालेला चिखल आणि लिव्हरला घातलेले तेल मिळून तो स्विच चिकटवून टाकतात.

किल स्विचची गंमत अशी की तो वर्षानुवर्षे कोणी वापरत नाही, आणि न वापरल्यामुळेच बिघडतो. चावी बंद करून तो वीस-तीस वेळा पुढे-मागे करा. संपर्कावरची काजळी घासली जाते. फरक पडला तर स्विच उघडून कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून घ्या.

चावीच्या स्विचवर संशय असेल तर चावी ऑन ठेवून ती हलकेच डावी-उजवीकडे डोलवा. न्यूट्रलचा दिवा लुकलुकला तर आत पितळी पट्ट्या झिजल्या आहेत. घराच्या, दुकानाच्या, कपाटाच्या डझनभर चाव्यांचा जुडगा त्याच स्विचला लटकवायची सवय यामागे असू शकते.

सेल्फ फिरतो, पण ठिणगी नाही

प्लग काढून कॅपमध्ये बसवा, त्याचा धातूचा भाग सिलिंडर हेडला घट्ट टेकवा आणि सेल्फ किंवा किक मारा. प्लगच्या भोकापासून तो दूर ठेवा, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर पडते. प्लग हवेत लटकता ठेवून किक मारू नका. सीडीआयला इजा होऊ शकते. तो बोटांनी धरून पाहणाऱ्यांना तर वेगळे सांगायची गरज पडत नाही, पहिल्याच झटक्यात कळते.

दर वेळी ठणठणीत निळी ठिणगी दिसली तर इग्निशनचा शोध तिथेच थांबवा आणि पेट्रोल, चोक, कार्बोरेटरकडे वळा. ट्विन स्पार्कच्या पल्सरला दोन प्लग असतात. त्यांतला एक मेला तरी गाडी सुरू होऊ शकते, फक्त ओढ कमी होते. दोन्ही तपासा.

ठिणगी नसेल तर आधी विचारा : गाडीचा सीडीआय एसी आहे की डीसी? एसी सीडीआयला सप्लाय मॅग्नेटोच्या कॉइलमधून मिळतो, म्हणून बॅटरी काढून ठेवली तरी गाडी किकवर सुरू होते. डीसी सीडीआय बॅटरीवर जगतो; बॅटरी मेली की ठिणगीही मेली.

एसी प्रकारात इंजिन बंद करण्यासाठी चावीचा किंवा किल स्विच एक वायर अर्थ करतो. हिरो होंडाच्या जुन्या गाड्यांत ती काळी-पांढरी असते. ही वायर कुठेतरी घासून चासिसला टेकली की ठिणगी गायब, आणि हादऱ्याने सुटली की गाडी सुरू. सीडीआयजवळ ही एकच वायर तात्पुरती सोडून पाहा. ठिणगी परत आली तर सीडीआय चांगला आहे, दोष वायरिंगमध्ये आहे, आणि नव्या सीडीआयचा खर्च वाचला. या चाचणीत इंजिन चावीने बंद होणार नाही. ब्रेक दाबून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडून ते बंद पाडा, किंवा वायर परत जोडा.

डीसी प्रकारात उलट पाहायचे : चावी ऑन असताना सीडीआयच्या सप्लाय पिनवर बॅटरीइतके व्होल्ट पोचतात का? बॅटरीवर १२.५ आणि तिथे ९ असतील, तर मधला स्विच किंवा कनेक्टर खातो आहे.

गरम झाल्यावर बंद पडून वीस मिनिटांनी आपोआप सुरू होणारी गाडी असेल, तर कॉइल आणि पिकअप कॉइलचा ओहममधला रेझिस्टन्स दोनदा मोजा : एकदा थंड असताना, एकदा बंद पडल्या-पडल्या. आकडे प्रत्येक मॉडेलला वेगळे असतात, त्यामुळे सर्व्हिस मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडा. गरम असताना मीटर अनंत दाखवत असेल तर मात्र ताडून पाहायची गरज नाही, तार तुटली आहे.

पॉइंटवाली बुलेट असेल तर

जुन्या कास्ट आयर्न बुलेटवाल्यांकडे हेडलाइटच्या वरच निदानाचे यंत्र बसवलेले आहे : अँपिअर मीटर. चावी ऑन करा, डिकॉम्प्रेसर दाबून किक सावकाश खाली आणा आणि काट्याकडे पाहा. पॉइंट बंद असताना काटा डावीकडे झुकतो, उघडले की मध्यावर येतो. काटा असा हलत असेल तर कॉइलच्या प्रायमरीपर्यंत करंट पोचतो आहे. अजिबात हलत नसेल तर फ्यूज, चावीचा स्विच किंवा काजळलेले पॉइंट. कायम डावीकडेच खिळला असेल तर पॉइंट उघडतच नाहीत किंवा वायर शॉर्ट झाली आहे.

पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवतात. पॉइंट पुन्हा-पुन्हा जळत असतील किंवा गरम इंजिनवर ठिणगी पिवळी पडत असेल, तर कंडेन्सर बदला. स्वस्त आहे.

बिघाड मुद्दाम घडवून आणा

तासभर तपासूनही गाडी शहाण्यासारखी वागत असेल तर तिला चिथवावे लागते.

- इंजिन चालू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश वळवा. स्टिअरिंगच्या मानेजवळ वायरी रोज वाकतात आणि तिथेच तुटतात.
- टाकीखालचे, सीटखालचे आणि हेडलाइटच्या आतले कनेक्टर एकेक करून हलके हलवा. कोणत्या स्पर्शाला इंजिन अडखळते ते टिपा.
- अंधारात स्प्रे बाटलीने प्लगची वायर आणि कॅपवर थोडे पाणी मारा. निळसर चमक दिसली तर करंट तिथून निसटतो. जवळ पेट्रोल गळत नाही ना, ते आधी पाहा, आणि चालू इंजिनवर या भागांना हात लावू नका.
- पिकअप कॉइल किंवा सीडीआयवर संशय असेल तर केस वाळवायच्या यंत्राने तो भाग कोमट करा.
- बाहेरून बसवलेले हॉर्न, एलईडी, अलार्म, मोबाइल चार्जर सगळे सोडवून गाडी आठवडाभर चालवा. मूळ वायर सोलून पिळलेला, टेप गुंडाळलेला जोड दिसला की बाकीचा शोध काही काळ थांबवायला हरकत नाही.

हे करू नका

फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तांब्याची तार घालू नका. पुढच्या शॉर्टला फ्यूजऐवजी वायरिंग जळते. बटणावर बोट दाबून धरू नका. पाच सेकंद, मग थोडी विश्रांती. कारवरून जंप स्टार्ट करायचेच असेल तर कारचे इंजिन बंद ठेवा. प्रेशर वॉशरचा फवारा स्विच आणि सीटखालच्या कनेक्टरवर मारू देऊ नका. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. बॅटरी, प्लग आणि कॉइल एकाच दिवशी बदलले, तर नेमके कशाने बरे झाले ते कळत नाही.

गॅरेजात आणि पार्टच्या दुकानात तुमचे हक्क

वरच्या नोंदी आणि मोजमापे कागदावर लिहून न्या. ‘सेल्फचं बघा जरा’ यापेक्षा ‘बटण दाबताना रिलेच्या पलीकडे अडीच व्होल्ट पडतात’ हे वाक्य मजुरीचे तास वाचवते. महागडा पार्ट सुचवला गेला तर दुसऱ्या चालू गाडीचा पार्ट लावून दाखवायला सांगा. चांगले ऑटो इलेक्ट्रिशियन हे स्वतःहून करतात. बदललेला जुना पार्ट मागून घ्या.

- बिल घ्याच. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल किंवा पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे.
- ‘इलेक्ट्रिकल पार्ट परत घेतला जाणार नाही’ ही पाटी सदोष मालाला ढाल ठरत नाही. सदोष वस्तू बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणे हेही त्याच व्याख्येत बसते. मात्र चुकीच्या जोडणीने तुम्हीच जाळलेला पार्ट सदोष ठरत नाही.
- बॅटरीच्या वॉरंटी कार्डावर विक्रीची तारीख, अनुक्रमांक आणि शिक्का दुकानातच तपासा. जुनी बॅटरी भंगारवाल्याच्या हातगाडीवर न देता विक्रेत्याकडे द्या. बॅटरी कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांनुसार ती घरच्या कचऱ्यापासून वेगळी ठेवून संकलन करणाऱ्यांकडे देणे ही वापरणाऱ्याची जबाबदारी आहे, आणि बदल्यात किमतीत सूटही मिळते.
- वाद मिटला नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग : तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि वकील न लावता स्वतः बाजू मांडता येते. तिथे बिल, वॉरंटी कार्ड आणि तुमच्या त्या वहीतल्या तारखा सोबत जोडा.